जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं झालंय, खाली खट्ट वाजतं. बॉक्स बदलायचा की किंगपिन?

रावेरकर

राम राम मंडळी. घरची सहा टायरी ट्रक आहे, २००६ चं मॉडेल, साधं स्टेअरिंग, पॉवरचं नाही. केळीच्या दिवसांत मळ्यातून सावद्यापर्यंत घड वाहतो, दिवाळीनंतर जिनिंगला कापूस. गाडी धाकटा भाऊ चालवतो.

गेल्या पावसाळ्यापासून स्टेअरिंगला प्ले (चाकं न वळता फिरणारी ढिलाई) वाढत गेलाय. आता स्टेअरिंगच्या रिंगवर मोजलं तर चांगली चार बोटं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सरळ जाताना सुद्धा सारखं डावं-उजवं सावरावं लागतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवलं की ड्रायव्हरच्या पायाखाली ‘खट्ट’ वाजतं आणि ते हाताला जाणवतं. शिवाय मळ्याच्या गाडरस्त्याला खड्ड्यात चाक गेलं की डावीकडून वेगळाच जाड आवाज येतो, स्टेअरिंग सरळ असलं तरी.

दोन गॅरेजवाल्यांना दाखवली. एक म्हणतो स्टेअरिंग बॉक्स पूर्ण बदला, दुसरा म्हणतो किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) गेल्या. गाडीखाली मात्र दोघांपैकी कोणीच शिरलं नाही. पैसा घालायला ना नाही, पण चुकीच्या जागी घालायचा नाही. पालच्या घाटात भाऊ भरलेली गाडी घेऊन जातो, मला रात्री झोप लागत नाही. नक्की कुठं काय झिजलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

धुळेकर

भाऊ, एवढं काही नाही. बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो, लॉकनट ढिली करून तो अर्धा फेरा आवळा. माझ्या गाडीचा प्ले पाच मिनिटांत गेला होता.

भुसावळचा फिटर

धुळेकर भाऊ, तुमच्या गाडीत बॉक्सच झिजला असेल म्हणून लागू पडलं. रावेरकर भाऊ, तुम्ही मात्र त्या स्क्रूला आज हात लावू नका. कारण सांगतो.

गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते. त्यामुळे बॉक्समधल्या सेक्टरचे (आतल्या दातेरी भागाचे) मधले दात झिजतात, कडेचे जवळजवळ नवे राहतात. स्क्रू आवळून मधली ढिलाई काढली की कडेचे दात जाम होतात. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मस्त वाटतं आणि घाटातल्या वळणावर ते आपोआप परत येत नाही. चाकं वळलेलीच राहतात. आणि ढिलाई जर मुळात बॉक्समध्ये नसून खालच्या जॉइंटमध्ये असेल, तर ती तिथंच राहते, वर आणखी बॉक्स खराब होतो. म्हणून तो स्क्रू सगळ्यात शेवटी.

तुम्ही दोन आवाज सांगितलेत. ते दोन वेगळे दोष समजून शोधा.

पहिला, हाताला जाणवणारा खट्ट. गाडी सपाट आणि कडक जागेवर उभी करा, पुढची चाकं सरळ आणि जमिनीवरच टेकलेली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. इंजिन बंद. (ज्यांचं पॉवर स्टेअरिंग आहे त्यांनी हीच तपासणी इंजिन चालू ठेवून करायची, नाहीतर बॉक्समधली ढिलाई खरी आहे त्याहून जास्त वाटते.) भावाला स्टेअरिंगवर बसवा आणि सांगा, चाक वळवायचं नाही, ढिलाई आहे तेवढंच हळू डावं-उजवं करत राहायचं. तुम्ही बॅटरी घेऊन खाली जा.

आता वरून खाली एकेक जोड धरत या. स्टेअरिंग कॉलम बॉक्सला जिथं मिळतो तिथला जॉइंट. मग बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट हलतो तेव्हा बाहेरचा ड्रॉप आर्म (बॉक्सला लोंबणारी दांडी) लगेच हलतो का. मग ड्रॉप आर्म त्याच्या दात्यांवर घट्ट बसलाय का, नट ढिला नाही ना. मग ड्रॅग लिंकचा (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) पुढचा एंड, मागचा एंड, स्टब एक्सलवरचा (चाक बसतं त्या वळणाऱ्या तुकड्यावरचा) आर्म, आणि शेवटी टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही एंड. प्रत्येक ठिकाणी बोटं अशी ठेवा की अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर पडतील. एक भाग हलला आणि दुसरा मागे राहिला, की झीज तिथंच. डोळ्यापेक्षा बोटाला हे लवकर कळतं. चांगल्या जॉइंटमधून हालचाल जशीच्या तशी पुढं जाते.

एक जागा बहुतेक लोक विसरतात. बॉक्स आणि चेसिस यांच्या सांध्यावर तळहात ठेवा. भाऊ स्टेअरिंग हलवतो तेव्हा अख्खा बॉक्सच चेसिसवर सरकतोय का पाहा. बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस भुकटी दिसली तर समजा की तो बोल्ट बरेच दिवस हलतोय. असा बॉक्स बदलून नवा बसवला तरी तोही हलणारच!

दुसरा, डाव्या बाजूचा जाड आवाज. पुढचा एक्सल जॅकवर घ्या. मळ्यातल्या काळ्या जमिनीवर हे करू नका, जॅक खचतो. जॅकखाली जाड फळी आणि एक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे. आमच्याकडे रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे वापरतात, ते उत्तम. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही, अगदी मिनिटभर सुद्धा.

चाक वर-खाली धरून आत-बाहेर ढकला. हललं, तर एकानं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा ढकलायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती हबच्या बेअरिंगची. तरीही राहिली तर किंगपिन किंवा तिचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या). या एका परीक्षेनं निम्म्या भांडणांचा निकाल लागतो. दोन्ही ठीक निघाले तर पाट्यांचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश पाहा. पाट्यांजवळ पहार घालून उचकटलं की शॅकल किती खेळतं ते दिसतं. यू-बोल्ट ढिले असले तर बहुधा ब्रेक मारताना पण आवाज येतो.

आणि एंडमधल्या बॉल जॉइंटवरच्या रबरी टोप्या! केळीच्या मळ्यातला काळा चिखल फाटक्या टोपीतून बॉल जॉइंटमध्ये जातो आणि सहाणेवर उगाळल्यासारखा बॉल खातो. त्यात वॉशिंगला प्रेशरचा पाइप थेट जॉइंटवर मारला की उरलेलं ग्रीस निघून जातं. आपल्या भागातल्या गाड्यांचं स्टेअरिंग पावसाळ्यानंतरच का बिघडतं, त्याचं कारण मला तरी हेच दिसत आलंय.

नंदुरबारहून

फिटर काकांच्या बोलण्याला नियमाची जोड देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगचाच आहे. प्ले स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, बोल्ट आणि पिना लॉक केलेल्या हव्यात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं, तेव्हा हे बघितलं जातं.

भुसावळचा फिटर

बरोबर आहे दादा. पण ३० अंश किती होतात ते लक्षात घ्या. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगला रिंगवर ते जवळपास १२ सेंटिमीटर होतात. रावेरकर भाऊंची चार बोटं त्याच्या आतच आहेत, म्हणजे कागदावर गाडी पास होईल. माझ्या मते मात्र भरलेल्या गाडीत दोन बोटांच्या वर प्ले गेला की शोध सुरू करावा. नियमाची हद्द येईपर्यंत बॉल सॉकेटमधून निसटायच्या बेतात असू शकतो, आणि तो निसटला तर स्टेअरिंग हातात असून उपयोग नाही.

रावेरकर

काका, आज सकाळी गाडी रिकामी होती, तुम्ही सांगितलं तसंच केलं. भाऊ वर, मी खाली.

कॉलमचा जॉइंट ठीक. बॉक्सचा शाफ्ट हलला की ड्रॉप आर्म जवळपास लगेच हलतो. पण ड्रॉप आर्मला जोडलेला ड्रॅग लिंकचा पुढचा एंड धरला आणि खट्ट तिथंच बोटाला लागला. टोपी पूर्ण फाटलेली, आत माती. मागचा एंड थोडा ढिला वाटतो. बॉक्सच्या दोन बोल्टभोवती तांबूस भुकटी निघाली आणि बॉक्स किंचित सरकतो, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. टाय रॉड घट्ट आहे.

डावं चाक उचललं, हलतं. ब्रेक दाबून पण हलतं. म्हणजे किंगपिन ना? उजवं जवळपास ठीक आहे. मग फक्त डावीच किंगपिन करू का, आणि लिंकचा एकच एंड बदलला तर चालेल?

भुसावळचा फिटर

छान तपासलंत भाऊ. आता गाडी भरू नका, काम होईपर्यंत उभीच ठेवा.

लिंकचे दोन्ही एंड बदला. दोघांचं वय एकच आहे, मागचा सुरू झालाच आहे. नट आवळल्यावर स्प्लिट पिना नव्याच घाला, जुनी सरळ करून परत घालायची नाही. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढं आवळून जुळवा, मागं फिरवून नाही.

किंगपिन दोन्ही बाजूंच्या करा. एकच केली तर थोड्या दिवसांनी तेवढीच मजुरी पुन्हा. बुश दाबून बसवल्यावर त्यांना रीमर मारून (आतून कातून) पिनेच्या मापाला आणावं लागतं, म्हणून स्टब एक्सल सोडून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. कानशीनं घासून बसवणारा असेल तर दुसरीकडे जा. थ्रस्ट बेअरिंगही नवं घाला आणि वर-खालची ढिलाई शिमनं (पातळ चकतीनं) काढून घ्या.

बॉक्सचे बोल्ट नुसते आवळू नका. काढा, भोकं लांबट झालीत का पाहा, आजूबाजूचं चेसिस तारेच्या ब्रशनं घासून रॉकेलनं पुसा. तडा असेल तर तेलकट रेषा उमटते. तडा निघाला तर रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेऊ नका, चेसिसचं काम करणाऱ्याकडेच न्या. बोल्ट हाय टेन्साइलचे, कंपनीच्या मापाचे.

हे सगळं झाल्यावर टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते माप) तपासून घ्या, म्हणजे टायर एका बाजूनं खाणार नाहीत. त्यानंतरही प्ले राहिला तरच धुळेकर भाऊंचा स्क्रू. तोही चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडून, अगदी थोडा. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातानं फिरवायचं. कुठंही जड लागलं की स्क्रू मागं घ्या.

धुळेकर

काका, माझं स्टेअरिंग वळणानंतर परत यायला जड झालंय खरं. मी उद्याच लिंक सोडून बघतो. किंगपिनला ग्रीस किती दिवसांनी मारायचं?

भुसावळचा फिटर

मळ्यात आणि चिखलात चालणाऱ्या गाडीला दर पंधरा दिवसांनी, आणि वॉशिंग झालं की त्याच दिवशी. मात्र एक्सल उचलून, चाकं लोंबत ठेवून मारा. चाक जमिनीवर असताना जिथं वजन पडतं त्या बाजूला ग्रीस शिरतच नाही. जोडाच्या कडेनं जुनं काळं ग्रीस निघून नवं बाहेर दिसेपर्यंत निपलवर गन चालू ठेवायची. निपल बंद असेल तर तो बदला, निपल स्वस्तात मिळतो.