नारी शक्ती पुरस्कारासाठी आत्याचं नाव पाठवायचंय, मार्गदर्शन हवंय

माणची_लेक
नमस्कार मंडळी. माझी आत्या माण तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते. गेली बावीस वर्षं ती रोज संध्याकाळी भाकऱ्या उरकल्या की ओसरीवर गावातल्या बायकांना लिहायवाचायला शिकवते, पैसे नाहीत की कुठली संस्था नाही. तिच्याकडे एक जाडजूड वही आहे, प्रत्येक बाईला एक पान, वरती पहिल्या दिवशीचा अंगठा आणि खाली सही यायला लागली त्या दिवशीची सही, तारखेसकट. काही सह्या इतक्या दाबून केल्यात की मागच्या पानावर उमटल्यात. मला तिचं नाव नारी शक्ती पुरस्कारासाठी पाठवायचंय पण घरचे म्हणतात तो मोठ्या लोकांना मिळतो, आपल्या आत्यानं असं काय केलंय. खरंच उपयोग नाही का? आणि अर्जात लिहायचं तरी काय?

शुभदा_पुणे
घरच्यांचं अजिबात ऐकू नकोस. राहीबाई पोपेरेंना २०१८ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला तो अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात गावठी बियाणं जपलं म्हणून. शाळेत न गेलेली बाई, राष्ट्रपती भवनात ८ मार्चला पुरस्कार घेतला आणि पद्मश्री त्यानंतर आली. बुलढाण्याच्या वनिता बोराडे साप पकडून सोडतात, त्यांनाही मिळालाय. आणि तुझ्या आत्याच्या कामाच्या अगदी जवळचं म्हणजे केरळच्या भागीरथी अम्मा आणि कार्त्यायनी अम्मा. भागीरथी अम्मांनी १०५ व्या वर्षी चौथीच्या बरोबरीची परीक्षा दिली, कार्त्यायनी अम्मांनी ९६ व्या वर्षी साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ मार्क काढले, दोघींना २०१९ चा पुरस्कार. शिकणाऱ्या आज्यांचा एवढा मान झाला तर शिकवणारीचा का नाही!

निवृत्त_मास्तर
ताई, थोडं मागचं सांगतो. हा पुरस्कार १९९९ साली स्त्री शक्ती पुरस्कार म्हणून सुरू झाला, तेव्हा अहिल्यादेवी होळकर, जिजामाता, राणी लक्ष्मीबाई, कन्नगी, राणी गाइदिन्ल्यू अशा नावांनी वेगवेगळे पुरस्कार असायचे. आताचं नाव नंतर आलं. खातं केंद्राचं महिला व बालविकास मंत्रालय. नामांकन ऑनलाइन असतं, सध्या चालू आहे का ते सरकारच्या पुरस्कार पोर्टलवर आधी बघा.

लिहिण्याबद्दल कळकळीने सांगतो, मी असे बरेच प्रस्ताव वाचलेत. "थोर समाजसेविका", "अविरत कार्य" यातलं काहीही लिहू नका, वाचणारा पुढच्या कागदावर जातो. वहीतल्या सह्या मोजा. किती बायका, कुठल्या वर्षापासून, सर्वात मोठी किती वयाची, त्यातल्या किती जणी आता बँकेत स्वतः स्लिप भरतात ते लिहा. दोन-तीन पानांचे स्वच्छ फोटो जोडा, पण त्या बायकांना विचारून, अंगठा-सही म्हणजे त्यांची खाजगी गोष्ट आहे. अंगठा आणि त्याखाली सही, याहून मोठा पुरावा कोण देणार?

म्हसवडकर
तुमच्याच तालुक्यातली गोष्ट आहे आणि कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची ठरवली तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला कारण बऱ्याच सभासद बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या बायका महिनोन् महिने लिहायला शिकल्या, परत रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या कॅल्क्युलेटर न घेता व्याज काढून दाखवा, आम्हीही काढतो. १९९७ ला माणदेशी बँक उभी राहिली. चेतनाताईंनाही नारी शक्ती पुरस्कार मिळालाय. तेव्हा सही येणं म्हणजे काय हे माणदेशात कुणाला समजवायची गरज नाही, अर्जात मात्र समजवून लिहा.
आणि आत्याबाईंना विचारलंय का?

माणची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. विचारलं नव्हतं, आज फोन केला. आधी नकोच म्हणाली, मला कुठं दिल्लीला नेतीस. मग मी त्या १०५ वर्षांच्या आजींचं सांगितलं तर एकदम गप्प झाली, दोनदा वय विचारलं. म्हणाली अर्जाचं तुझं तू बघ, पण त्या आजींचा फोटो मोठा करून पाठव, आमच्या शेजारची सासू म्हणती सत्तरीत आता काय शिकायचं, तिला दाखवायचाय. वही मोजायला रविवारी गावी जातेय.