जुन्या सिनेगॉगचं घर करताना: सज्जा, ओल, न्हाणीघर

प्रश्न
दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती लागलेलं शहरातलं जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हॉल १२ बाय १८ मीटर, उंची ८. तीन बाजूंना ओतीव लोखंडी खांबांवर बायकांचा सज्जा. झोपायच्या खोल्या सज्ज्यावर काढाव्यात की हॉलमध्ये मधला मजला घालावा? पाऊस पडला की तळघरात ओल येते, तीही का कळत नाही.

तुळई (उत्तर)
सज्जाच वापरा. सभेच्या जागेला चौरस मीटरमागे ४ ते ५ किलोन्यूटन (सुमारे ४०० ते ५०० किलो) भार धरतात, घराला २. म्हणजे ताकद बहुधा पुरते. तरी खांबांना तडे नाहीत ना, हे इंजिनिअरकडून बघून घ्या. खरी कटकट सज्ज्यावरच्या बसायच्या पायऱ्यांची. त्या सपाट करायला काँक्रीट ओतू नका: ५ सेंटिमीटरचा थरसुद्धा चौरस मीटरला सव्वाशे किलो भरतो. लाकडी चौकट आणि वर प्लाय पुरे. कठडा बसलेल्यांना खालचं दिसावं म्हणून बुटका असतो. आतून काच लावून १.१ मीटर करा.

मधला मजला घातलात तर उजेड गेला. इथे तो पुढून, मागून आणि छतातल्या काचेतूनच येणार. घालायचाच असेल तर स्वतंत्र खांब, स्वतंत्र पाया. छताच्या कैच्यांना लटकवणं म्हणजे आपत्तीला आमंत्रण.

चुनागिलावा (उत्तर)
तळघरात मिकवा, म्हणजे धार्मिक शुद्धीसाठीचं स्नानकुंड, होता का ते बघा. सगळीकडे नसतो, पण त्याला पावसाचं पाणी लागतं, म्हणून छताचा एखादा पाइप थेट त्यात सोडलेला असतो. वर फरशी बसते, पाइप मात्र वाहतच राहतो. छतावर रंगीत पाणी ओतून खात्री करा. आधी पाइप गटाराकडे वळवा, मग कुंड भरा. भूजल खोल असेल तर भरण्याआधी तळाला भोकं पाडा, नाहीतर भरावात पाणी साचतं. शेजारी पावसाच्या पाण्याचा दुसरा हौद असू शकतो, तो विसरू नका. भिंतींना सिमेंट नको, चुनाच. सिमेंटने ओल आत कोंडते.

प्रश्नकर्ता
आणि न्हाणीघर? आरोन कोदेशचा, म्हणजे धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटाचा, कोनाडा रिकामाच आहे.

तुळई
तिथे नको. विकलेल्या सिनेगॉगचं स्नानगृह करू नये, असं धर्मपंडितांचं मत मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात, मेगिला भागाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते बाजूला ठेवलं तरी निचरा जमत नाही: १:४० उताराने १० मीटरच्या पाइपला २५ सेंटिमीटर खोली लागते. दाराजवळ हात धुण्याची जागा असेल, तर नळ आणि गटार तिथे आधीच आहे. सज्ज्याखाली तिथेच काढा.

चुनागिलावा
माळ्यावर हिब्रू कागद सापडले तर कचऱ्यात टाकू नका. देवाचं नाव असलेले कागद पुरायची रीत आहे. जवळच्या ज्यू मंडळींना कळवा.