लोहगडाशेजारी त्याहून उंच विसापूर असताना खजिना लोहगडावर का?

सांजवारा:
गेल्या महिन्यात मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून वर चढलो. गायमुख खिंडीत उभे राहिले की उजव्या हाताला लोहगड आणि डाव्या हाताला विसापूर दिसतो. दोघांमध्ये जेमतेम ही एक खिंड. लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०३३ मीटर, तर विसापूरची १०८४ मीटर. विसापूरचा माथाही कितीतरी ऐसपैस आहे. असे असूनही इतिहासात महत्त्व मिळाले ते लोहगडाला, खजिना ठेवला गेला तोही तिथेच. मोठा आणि उंच डोंगर हाताशी असताना धाकट्याला पसंती देण्याचे कारण काय असावे? दोन्ही गड पाहिलेल्या, शक्य तर डोंगराच्या रचनेची जाण असलेल्या सभासदांनी लिहावे.

कातळकोर:
उत्तराची सुरुवात दगडापासून करावी लागेल. हा सगळा परिसर दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतले घट्ट थर झिजेला पुरून उरले आणि त्यांचे उभे कडे झाले, ठिसूळ थर झिजून त्यांच्या उतरत्या पायऱ्या झाल्या. उत्तरेला इंद्रायणीचे खोरे आणि दक्षिणेला पवनेचे, यांच्यामधल्या धारेवर उरलेले हे दोन तुकडे आहेत. म्हणून दोघांचेही माथे सपाट आणि कडे सरळ आहेत.

फरक आहे तो घेराचा. विसापूरचा माथा इतका विस्तीर्ण आहे की त्याच्या कडेने पूर्ण तटावर पहारा ठेवायचा म्हटले तर मोठी शिबंदी लागते. लोहगडाचा माथा त्या मानाने आटोपशीर आहे, आणि त्याच्या पश्चिमेला पुढे आलेली विंचूकाटा माची म्हणजे दोन्ही बाजूंना खोल तुटलेली, लांबच लांब अरुंद सोंड आहे. वर यायची वाट एकच, तीही वळणावळणाची आणि प्रत्येक वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात येणारी. थोड्या माणसांनी राखता येईल अशी जागा खजिन्यासाठी निवडणे मला स्वाभाविक वाटते. शिवाय गावाकडून येणाऱ्या पायऱ्यांवर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. एक फोडला तरी शत्रू लगेच पुढच्याच्या तोंडी सापडावा, अशी ही योजना आहे.

पायवाट:
वरील विवेचन पटते, पण त्यात काळाचा विचार जोडायला हवा. या भागाचे महत्त्व गडांपेक्षाही जुने आहे. कोकणातून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग इथून जात असे आणि त्याच्याच आधाराने विसापूरच्या पायथ्याशी भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरली जाऊ लागली. घाटावर नजर ठेवणारा तो या वाटेचा मालक, हे सूत्र पुढच्या प्रत्येक सत्तेने पाळले. लोहगड निजामशाहीकडून आदिलशाहीकडे गेला, १६४८ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. पुढे शाहू महाराजांच्या काळात तो काही वर्षे कान्होजी आंग्र्यांकडे होता आणि १७२० मध्ये पेशव्यांकडे आला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गडाला रूप दिले ते नाना फडणवीसांनी. दरवाज्यांचे मोठे बांधकाम १७९० ते १७९४ या वर्षांतले आहे आणि माथ्यावरचे सोळाकोनी तळेही नानांच्याच काळातले. १८०० मध्ये नानांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई याच गडाच्या आश्रयाला राहिल्या, यावरून त्यावरचा भरवसा लक्षात येईल.

मात्र चार वर्षे खपून ज्या दिशेला दरवाजे बांधले, त्या दिशेने गड पडला नाही. ४ मार्च १८१८ रोजी कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड विशेष लढाई न होता रिकामा झाला. शेजारच्या उंच माथ्यावर तोफा चढण्याची शक्यता निर्माण झाली की दरवाज्यांची वळणे उपयोगाची राहत नाहीत. पुढे इंग्रजांनी विसापूरचेच दरवाजे सुरुंगाने उडवले. कोणता डोंगर धोक्याचा, हे त्यांना नेमके कळले होते.

सांजवारा:
म्हणजे तलवार आणि भाल्याच्या काळात विसापूरची उंची लोहगडाला फारशी जाचत नव्हती, आणि लांब पल्ल्याच्या तोफा आल्यावर तीच घातक ठरली, असे समजावे का? मग विसापूरवर तट कधी आला?

कातळकोर:
होय, मी तसेच समजतो. फक्त तोफा आधीही होत्या. पुरंदरच्या माचीवर नजर असलेला वज्रगड दिलेरखानाने १६६५ मध्ये आधी घेतला, तो याच हिशेबाने. लोहगडाबाबत तो हिशेब कोणी केला नव्हता असे म्हणता येणार नाही, कारण विसापूरवर आज दिसणारी तटबंदी बाळाजी विश्वनाथांच्या काळाशी जोडली जाते. शेजारी मोकळा सोडायचा नाही, इतके त्यांना उमगले होते. प्रश्न तो राखायला पुरेशी माणसे असण्याचा होता.

पुन्हा जाल तेव्हा आधी विसापूर चढा आणि पश्चिमेच्या कड्यावरून लोहगडाकडे पाहा. मागल्या अंगाला पवना धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे तुंग-तिकोना दिसतात, पण नजर लोहगडाच्या माथ्यावर ठेवा, तिथे झाकलेले काहीच राहत नाही. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र हे करू नका. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत लोहगड आहे आणि पायऱ्यांवर आधीच रांग लागते. विसापूरच्या पावसाळी वाटेत तर ओढ्याचे पाणीच पायऱ्यांवरून वाहते.