फोनवरची चित्रे आणि भिंतीवरची चित्रे: कलाकृती नेमकी कोणती?

रेघोटी: चित्रकार नलिनी मलानी यांनी आयपॅडवर बोटाने रेखाटून इन्स्टाग्रामवर ठेवलेली छोटी ॲनिमेशन्स मी बरीच वर्षे फोनवर पाहत आले आहे. अशाच ८८ ॲनिमेशन्सची भिंतींवरील नऊ प्रक्षेपणांत (प्रोजेक्शन्समध्ये) मांडलेली त्यांची ‘कॅन यू हिअर मी?’ ही कलाकृती २०२० साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत दाखवली गेली. रेघ तीच असली, तरी फोनवर अंगठा फिरवला की चित्र संपते आणि तिथे मात्र ते चहूबाजूंनी अंगावर येते. मग फोनवरचे रूप म्हणजे केवळ मासला समजायचा का?

काचचित्र: मला तसे वाटत नाही, कारण अनेक माध्यमे हाताळणे ही मलानी यांची उतारवयातील हौस नव्हे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ साली नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत सुरू केलेल्या कार्यशाळेत चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार शेजारी शेजारी काम करत असत, आणि विशी ओलांडलेल्या मलानी तिथेच कॅमेऱ्याविना (थेट प्रकाशसंवेदी कागदावर) छायाचित्रे व लघुपट करू लागल्या. त्यांच्या ‘युटोपिया’ या चित्रपट-कृतीचा रंगीत भाग १९६९ चा आहे, तर शेजारी चालणारा कृष्णधवल भाग १९७६ चा. एक कृती दोन पडद्यांवर, सात वर्षांच्या अंतराने पूर्ण झाली.

पोथीवाला: सिंधुदुर्गातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत रामायणातील कथा चित्रकथीच्या, म्हणजे एकामागून एक दाखवायच्या चित्रांच्या, पोथीतून सांगतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगतात आणि कळसूत्री बाहुल्यांतूनही सांगतात, त्यांतली खरी कोणती, असे कुडाळकडचा प्रेक्षक विचारत नाही. मलानी यांच्या छायानाट्यांत आतून रंगवलेली पारदर्शक नळकांडी फिरतात आणि त्यांच्या सावल्या भिंतीवरील व्हिडिओत मिसळतात. त्यांनी ते पिंगुळीहून घेतले असे माझे म्हणणे नाही, परंतु पाहण्याची ही सवय आपल्याला नवी नाही.

जुनीरीळ: पोथीवाले, आपल्या उदाहरणातला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. पिंगुळीत कथा कंठस्थ असते, त्यामुळे पोथी जीर्ण झाली तरी ती नव्याने रंगवता येते. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या लघुपटाची एकमेव प्रत हरवली, आणि अनेक दशकांनी चित्रपट दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन तो पुन्हा घडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आधार होता तो मुख्यतः स्मरणाचाच. म्हणून रेघोटी, दोन्ही रूपे कलाकृतीच आहेत असे मानूनही, संग्रहालयांनी मूळ फाइलबरोबर प्रक्षेपणाचा वेग, भिंतीचे अंतर, आवाजाची पातळी आणि ते चित्र फोनवर कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांसह आले होते, हेही लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.