मदत हवी आहे: मुलाच्या खाण्याच्या विकाराचे कारण किती शोधावे?

नमस्कार.

माझ्या १५ वर्षांच्या मुलाला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत जाण्याचा मानसिक आजार) असल्याचे निदान नुकतेच झाले आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांचे उपचार सुरू आहेत, हृदयाच्या आणि रक्ताच्या तपासण्याही होत आहेत, त्यामुळे वैद्यकीय सल्ला मी येथे मागत नाही. माझा प्रश्न कारणांविषयी आहे.

मुलगा लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावतो. वजन थोडे उतरले तर वेळ सुधारेल, असे त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितले. त्याने आधी गोड आणि तळलेले पदार्थ सोडले, मग सर्वांसोबत जेवायला बसणेच सोडले. हा आजार मुलींनाच होतो या समजामुळे शाळेत कोणालाही शंका आली नाही.

आता घरात रोज दोषारोप चालतात. सासूबाई मोबाइलला दोष देतात, मुलाचे बाबा प्रशिक्षकांना, आणि काही नातेवाईक सरळ मला. मी जे वाचले त्यावरून एका कारणावर बोट ठेवता येईल असे वाटत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात तर या आजाराचा संबंध चयापचयाशीही असल्याचे आढळले. दुसरीकडे, फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि तीनच वर्षांनी तिथल्या काही शाळकरी मुली वजन कमी करण्यासाठी उलट्या काढत असल्याचे दिसून आले, म्हणजे बाहेरचे वातावरणही तितकेच खरे. तरीही तीच चित्रे पाहणारी, त्याच प्रशिक्षकांकडे धावणारी बहुतेक मुले आजारी पडत नाहीत. माझा मुलगा मात्र लहानपणापासून अतिशय काटेकोर आहे, आणि वहीत एक खाडाखोड झाली तरी तो पूर्ण पान पुन्हा लिहीत असे.

सर्वांत अधिक विचार करायला लावले ते १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या प्रयोगाने. ३६ निरोगी तरुण पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांतले अनेक जण चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काही तर पाककृती जमवू लागले. त्यांना कोणी सडपातळ होण्याची स्वप्ने दाखवली नव्हती. ज्याला आम्ही मुलाचा बदललेला स्वभाव म्हणतो आहोत, तो बराचसा उपासमारीचा परिणाम असावा, असे मला तेव्हापासून वाटते. आजार ज्याने सुरू झाला आणि ज्याने टिकून राहिला आहे, त्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

ज्यांच्या घरातील कोणी या आजारातून गेले आहे, त्यांनी कृपया सांगावे: कारण शोधण्याचा तुम्हाला उपचारात खरोखर उपयोग झाला का, की आधी वजन आणि जेवण सावरल्यावरच मूल त्याविषयी बोलू शकले? वडीलधाऱ्यांचे दोषारोप मुलाच्या कानावर पडू नयेत म्हणून तुम्ही काय केले? त्याला एक धाकटी बहीण आहे. तिच्यासमोर वजन आणि दिसणे यांविषयीचे बोलणे आम्ही बंद केले आहे, पण भावाच्या आजाराविषयी तिला किती सांगावे, हे ठरवता येत नाही. आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तुमचे मूल पुन्हा खेळाकडे वळले असेल, तर प्रशिक्षकांशी आधी कोणत्या अटी ठरवून घेतल्या, तेही अवश्य लिहावे.