नोकरी शिनोळीत, कारखाना उद्यमबागेत: व्यवसाय कर, ईएसआय आणि पीएफचे देणे कसे धरावे?

अनगोळवासी (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगावात राहतो आणि महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील शिनोळी औद्योगिक वसाहतीत एका खासगी कंपनीत पर्यवेक्षक आहे. कंपनीची लेखी परवानगी घेऊन बेळगावातील उद्यमबागेत माझ्या एकट्याच्या मालकीचे छोटे मशीन शॉप चालवतो. दोन लेथ व एक मिलिंग मशीन आहे, फाउंड्र्यांकडून जॉब वर्क येते आणि जीएसटी नोंदणी झालेली आहे. दिवसपाळी धाकटा भाऊ सांभाळतो व त्याला दरमहा पगार देतो. त्याला धरून आठ माणसे आहेत आणि नव्या कामासाठी आणखी दोघांना घ्यायचे आहे. माझ्या नोकरीच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर आणि पीएफ कापला जातो. असे असताना कर्नाटकात मालक म्हणून पुन्हा व्यवसाय कर भरावा लागतो का? माझा पीएफ मशीन शॉपमधूनही भरायचा का? कामगारांपोटी नेमके काय सुरू होते?

टिळकवाडी_करसल्लागार

आपल्या प्रश्नात दोन वेगळी खाती एकत्र आली आहेत: आपले स्वतःचे देणे आणि आपल्या कामगारांपोटीचे देणे. ती वेगळी केल्याशिवाय हिशेब लागणार नाही.

आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर महाराष्ट्राकडे जातो, कारण नोकरीचे ठिकाण तेथे आहे. उद्यमबागेतील व्यवसायासाठी, जीएसटी नोंदणीधारक म्हणून, कर्नाटकाच्या १९७६ च्या कायद्याखाली आपली स्वतंत्र नावनोंदणी लागते आणि वर्षाला २,५०० रुपये ३० एप्रिलपर्यंत भरावे लागतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांची जी कमाल मर्यादा घातली आहे, ती एका राज्यापुरती आहे. त्यामुळे दोन राज्यांत मिळून त्याहून अधिक रक्कम गेली, तरी एका राज्याची पावती दुसऱ्या राज्यात चालत नाही. रोज सीमा ओलांडून नोकरीला जाणाऱ्या आपल्या भागातील अनेकांना हे अन्यायाचे वाटते आणि त्यांची भावना मला समजते, पण आजची कायद्याची स्थिती हीच आहे. नोकरी कर्नाटकातच असती, तर मात्र ही मर्यादा दाखवून दुहेरी आकारणीला हरकत घेता आली असती.

पीएफबाबत काळजी नको. एकल मालकीत मालक हा स्वतःचा नोकर ठरत नाही, म्हणून आपल्यासाठी मशीन शॉपमधून पीएफ किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरण्याचा प्रश्नच येत नाही. नोकरीचा पीएफ आहे तसा चालू राहील.

कामगारांकडे मात्र बारकाईने पाहा. कर्नाटकात मासिक पगार २५,००० रुपये किंवा अधिक असेल तरच व्यवसाय कर कापायचा असतो: दरमहा २०० रुपये आणि एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीत ३००. असा एकही कारागीर असल्यास नावनोंदणीखेरीज मालक म्हणून वेगळे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पीएफ २० माणसांपासून सक्तीचा होतो, पण ईएसआय १० पासूनच. आठात दोन मिळवले की आपण त्या रेषेवर उभे आहात.

अनगोळवासी

आभारी आहे. भाऊ घरचाच असल्याने तो मोजायचा का? शिवाय कास्टिंगची बर (कडेला राहिलेला धारदार जादा धातू) काढायला ठेकेदाराची दोन माणसे आमच्याच शेडमध्ये बसतात. त्यांचे काय?

टिळकवाडी_करसल्लागार

भावाला ठरावीक पगार मिळतो, म्हणून तो मोजला जातो. आपल्याच शेडमध्ये आपले काम करणारी ठेकेदाराची माणसेही ईएसआयसाठी धरली जातात. याचा अर्थ असा की, नवे दोघे येण्याची वाट न पाहता आपली संख्या आजच १० आहे. पगार २१,००० रुपयांहून अधिक असलेल्या कारागिराची ईएसआय वर्गणी भरावी लागत नाही, पण माणसे मोजताना तोही येतो; आणि एकदा कायदा लागू झाल्यावर पुढे माणसे कमी झाली, तरी तो सुटत नाही.

उदाहरणार्थ, १८,००० रुपये पगाराच्या लेथ कारागिरापोटी मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये आणि कामगाराचा ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये होतो. एकूण ७२० रुपये पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वळता करण्यास कायद्याने मनाई आहे. हा खर्च जड वाटेल, तरी लेथच्या चकजवळ (काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) बोट सापडून हाताला दुखापत झाली, तर घरी बसलेल्या त्या माणसाला पगाराच्या सुमारे ९० टक्के भरपाई याच वर्गणीतून मिळते. लेथवर माणसे उभी करणाऱ्याने हे टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूरचा_लेखापाल

प्राप्तिकराची एक बाजू राहिली. कंपनी आपल्या पगारापुरताच कर कापते, मशीन शॉपचा नफा तिला ठाऊक नसतो. कापलेला कर वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर उरत असेल, तर अग्रिम कर (वर्ष संपण्यापूर्वीच भरायचा प्राप्तिकर) भरावा लागतो, नाहीतर व्याज लागते. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरण्याच्या सोयीत) असाल, तर तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. नफ्याचा अंदाज कंपनीला लेखी कळवून तेथूनच जास्त कर कापून घेण्याचीही सोय आहे, आणि ज्यांना मार्चमध्ये रोख रकमेची ओढाताण होते त्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

जुनी करप्रणाली निवडण्यापूर्वी मात्र नीट हिशेब करा. केवळ पगारदार दरवर्षी प्रणाली बदलू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी घेतली की नवीकडे परत येण्याची संधी एकदाच मिळते.

अनगोळवासी

ठेकेदाराकडून त्याच्या दोन्ही माणसांचे ईएसआय क्रमांक उद्याच मागवतो आणि याच आठवड्यात आमची नोंदणी सुरू करतो.

टिळकवाडी_करसल्लागार

क्रमांकांबरोबर त्या माणसांच्या वर्गणीची मागील महिन्यांची चलनेही मागा. ठेकेदाराने रक्कम भरली नसेल, तर मूळ मालक म्हणून ती आपल्याकडून वसूल होते. मग ती त्याच्या बिलातून कापून घेण्याचा अधिकार आपल्याला राहतो.