मदत हवी आहे: लंडनमधल्या भाड्याच्या घरात बुरशी, मालक दाद देत नाही. कौन्सिलकडे (तिथली नगरपालिका) कसं जायचं?

ओलीभिंत: पूर्व लंडनमध्ये जुनं तीन बेडरूमचं घर. बैठकीची खोलीही भाड्याने दिलेली. पाच जण राहतो, एकमेकांच्या नात्यातलं कुणी नाही, स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक. मागच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आहे, बाथरूमचा पंखा नुसता आवाज करतो. एजंटचं म्हणणं, तुम्ही कुकर लावता आणि कपडे आत वाळत घालता म्हणून होतं. कौन्सिल यात काही करते का? मालकाने बाहेर काढलं तर? दोघे विद्यार्थी व्हिसावर आहेत.

उंबरठा: पाच जण, वेगळी कुटुंबं, सामायिक स्वयंपाकघर म्हणजे इंग्लंडात हे घर 'एचएमओ' (अनेक कुटुंबांचं सामायिक भाड्याचं घर) झालं, आणि त्याला परवाना सक्तीचा आहे. कौन्सिलकडे परवान्यांचं सार्वजनिक रजिस्टर असतं, त्यात आधी पत्ता शोधा. पत्ता नसेल तर तक्रारीचं पहिलं वाक्य तेच लिहा, बुरशी नंतर. विनापरवाना घराचं भाडं ट्रायब्युनलकडून (भाड्याचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) परत मागता येतं, पूर्वी १२ महिन्यांपर्यंतचं. २०२५च्या रेंटर्स राइट्स कायद्याने ही मर्यादा २४ महिन्यांवर नेली आहे. (तीन-चार जण असले तरी काही कौन्सिल परवाना मागतात. न्यूहॅम कौन्सिलने तर २०१३ पासून जवळपास सगळ्याच खाजगी भाड्याच्या घरांना लावला.)

तक्रार 'प्रायव्हेट सेक्टर हाउसिंग' किंवा 'एन्व्हायरन्मेंटल हेल्थ' या कौन्सिलच्या खात्याकडे करायची. 'हाउसिंग रिपेअर्स'ला फोन केलात तर ते कौन्सिलच्या स्वतःच्या घरांचं खातं निघतं आणि महिना फुकट जातो. त्याआधी एजंटला ईमेल करून १४ दिवसांची मुदत द्या. फोनवर सांगितलेलं कुठेच राहत नाही.

टिपकागद: कुकरच्या मुद्द्यावर. आधी ओल कुठली ते ठरवा. जमिनीपासून साधारण मीटरभर चढलेली आणि वर पिवळट रेघ असलेली ओल खालून येते. पावसानंतर एकाच जागी वाढते ती बाहेरून. तिथलं पन्हाळं किंवा विटांचे सांधे बघा. कपाटामागे, कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला काळे ठिपके असतील तर थंड भिंतीवर वाफ बसते आहे. पण तेवढ्यावरून दोष भाडेकरूचा ठरत नाही. भिंत थंड का राहते आणि वाफ बाहेर का जात नाही, हे प्रश्न मालकाचेच.

पंखा चालू करून जाळीला टिश्यूचा एक पदर लावा. चिकटून राहिला नाही, तर पंखा हवा ओढत नाही. बाथरूममध्ये सेकंदाला १५ लिटर ओढणं अपेक्षित आहे. टिश्यूच्या चाचणीचा व्हिडिओ काढा. स्वस्त आर्द्रतामापक ठेवून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. बुरशीचे फोटो मोजपट्टी धरून काढा, मगच पुसा.

उंबरठा: फोटोंचं महत्त्व असं, की तपासणी होणार हे मालकाला आधी कळलं, तर तेवढ्यात पांढरा रंग मारून होतो. विनापरवाना एचएमओचा संशय असेल तर मात्र अधिकारी सूचना न देताही येऊ शकतात. रजिस्टर आधी बघायला सांगितलं ते यासाठीही.

अधिकारी २९ प्रकारचे धोके तपासतात. 'कॅटेगरी १' (गंभीर) धोका निघाला तर २००४च्या हाउसिंग कायद्याने कौन्सिलला कारवाई करावीच लागते; 'कॅटेगरी २'मध्ये (कमी गंभीर) करणं तिच्या मर्जीवर. सुधारणा नोटीस (मालकाला दुरुस्तीचा हुकूम) लागली तरी काम सुरू करायला किमान २८ दिवस मिळतात, आणि मालक २१ दिवसांत अपील करू शकतो. थोडक्यात, काही महिने धरून चाला.

आणि ईमेलमध्ये 'अवाब्ज लॉ' लिहू नका. रॉचडेलमध्ये बुरशीमुळे दोन वर्षांचं बाळ दगावल्यावर तो कायदा आला, पण २०२५च्या ऑक्टोबरपासून लागू झाला तो सोशल हाउसिंगला (कौन्सिल आणि गृहसंस्थांची भाड्याची घरं), खाजगी भाड्याच्या घरांना नाही. तुमच्या एजंटला आयतं उत्तर मिळेल.

ओलीभिंत: आभार! तोवर भाडं थांबवावं का? आणि बॉक्स रूम (सगळ्यात लहान खोली) २.९ बाय २.१ मीटर आहे, हेही सांगायचं का?

टिपकागद: भाडं अजिबात थांबवू नका, थकबाकी हे घर खाली करून घ्यायचं सगळ्यात सोपं कारण आहे. कारण न देता काढायची कलम २१ची नोटीस इंग्लंडात १ मे २०२६ पासून बंद. परस्पर कुलूप बदललं तर तो गुन्हा आहे. व्हिसाचा या तक्रारीशी संबंध नाही.

उंबरठा: ती खोली ६.०९ चौरस मीटर भरते. परवान्याच्या घरात एका प्रौढाला झोपायला किमान ६.५१ लागतात. सांगायलाच हवं, अधिकारी मोजणारच. पण मालकाला ती खोली रिकामी करायला सांगितलं जाऊ शकतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्याला विचारूनच तक्रार पाठवा.